पुन्हा उघडता येणारा सांधा

महाडमध्ये लाकूड वर्षभर हलत असतं. आषाढ लागला की दारं चौकटीत अडकतात, कपाटाचे खण ओढले तरी निघत नाहीत, आणि माघ-फाल्गुनात तीच दारं सैल होऊन वाऱ्यावर आपटतात. माझा जन्म सुताराच्या घरातला. जुलैत कुणी दार तासून मागितलं तर वडील म्हणायचे, "दिवाळीपर्यंत थांबा." पावसात तासलेलं दार उन्हाळ्यात फटी दाखवतं, हे त्यांना माहीत होतं. आता मीही गिऱ्हाइकांना तेच सांगतो. गिटारलाही हाच नियम लागू आहे. फरक एवढाच की दाराची फळी इंचभर जाड असते आणि गिटारची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर.

माझं मूळ काम फर्निचरचं. भजनी मंडळांच्या पेट्यांची, म्हणजे हार्मोनियमची, लाकडी कामं वडिलांच्या काळापासून आमच्याकडे येतात. महाड-पोलादपूरच्या वाड्या-वाड्यांत वारकरी मंडळी आहेत, प्रत्येक मंडळाची पेटी असते आणि दर पावसाळ्यात तिचं काहीतरी बिघडतं. गिटारी अलीकडे यायला लागल्या. मुलं मोबाइलवर बघून शिकतात, नवी चांगली गिटार परवडत नाही, मग मुंबईच्या कुणा नातेवाइकाकडची जुनी येते. ती वाजत नाही म्हणून माझ्याकडे आणतात. बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "आवाज गेलाय हिचा." माझं म्हणणं असं, की आवाज सहसा गेलेला नसतो. कोन गेलेला असतो, सांधा सुटलेला असतो. ते दोन्ही परत आणता येतात, पण कोणत्या पद्धतीने आणायचे याला फार महत्त्व आहे. त्यासाठी एका गिटारची गोष्ट तपशिलात सांगतो.

माझी भाची पोलादपूरला राहते. तिच्या ओळखीच्या एका घरी माळ्यावर एक गिटार होती. त्या घरातले आजोबा लालबागच्या गिरणीत कामाला होते आणि चाळीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा करायचे. जानेवारी 1982मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्याकडचे हजारो चाकरमानी हळूहळू गावाकडे परतले, तसे तेही परतले आणि गिटार सोबत आली. आजोबा गेल्यावर ती माळ्यावर चढली. त्यांच्या सुनेने भाचीला ती अगदी थोड्या पैशांत दिली. अट एकच घातली, "फेकणार असलीस तर परत आणून दे."

तो माळा चुलीच्या वर होता, हे त्या गिटारचं भाग्य. आपल्याकडे बियाणं आणि पावसाळ्यासाठी राखायच्या वस्तू चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची रीत आहे, कारण तिथे धूर आणि ऊब असते. पोलादपुरातल्या पावसात दुसऱ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली असती तर तिला बुरशी खाऊन गेली असती. धुराने ती काळी पडली होती, पण आतलं लाकूड कोरडं होतं. वाळवी नव्हती, आणि बोटांनी ठोकलं की आतून ठणठणीत उत्तर येत होतं.

आवाजाच्या भोकातून आत बघितलं तर लेबलावरची सगळी अक्षरं उडालेली होती, फक्त 'कलकत्ता' एवढं वाचता येत होतं. त्यात नवल नाही. आपल्या देशात स्वस्त गिटारींचं मोठं केंद्र कलकत्ताच. तिथल्या रवींद्र सरणीवर, म्हणजे जुन्या चितपूर रोडवर, आजही वाद्यांच्या दुकानांची रांग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई बेटांवरचे ताऊ मो नावाचे वादक कुटुंबासह कलकत्त्यात राहत होते. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी तुकड्याने वाजवायची हवाईयन गिटार बंगाली घराघरांत गेली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी त्याच आडव्या गिटारवर राग वाजवले. 1967 सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला काब्रांची गिटार आहे. म्हणजे हे वाद्य आपल्याकडे पाहुणं म्हणून राहिलेलं नाही. लालबागच्या चाळीतून पोलादपूरच्या माळ्यापर्यंत ते आलं, तेही त्याच ओघात.

आता तिची अवस्था. तारा गंजलेल्या, एक तुटलेली. घोडी, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती पोटावरची लाकडी पट्टी, मागच्या बाजूने इतकी उचलली होती की खालून पोस्टकार्ड सरकत होतं. कुणीतरी तिला दोन स्क्रू मारून बसवायचा प्रयत्न केला होता आणि भोवती डिंक ओतला होता. स्क्रूंमुळे घोडीला उभी चीर गेली होती. तबली, सतारवाले वरच्या फळीला तबली म्हणतात आणि मलाही तोच शब्द सोयीचा वाटतो, घोडीच्या मागे फुगली होती. बाराव्या फ्रेटवर, फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी, तारेची उंची सहा-सात मिलिमीटर भरली. तिथे जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोन मिलिमीटरच्या आसपास उंची असावी लागते. त्याहून फार उंच असेल तर तार दाबताना बोटं सोलवटतात, शिवाय दाबताना तार जास्त ताणली जाऊन सूर चढतो. शिकणारं मूल आठवड्यात गिटार सोडतं ते बरेचदा याच कारणाने, आणि घरचे म्हणतात त्याला आवड नव्हती.

हे सगळं होतं ते ताणामुळे. सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्र ताण साधारण सत्तर किलो होतो. सिमेंटच्या भरलेल्या गोणीपेक्षा जास्त भार त्या तीन मिलिमीटरच्या फळीवर वर्षानुवर्षं असतो. म्हणून तबलीच्या आत आडव्या-तिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. या पट्ट्या हेच गिटार बनवण्यातलं खरं शास्त्र. स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस यांनी एकोणिसाव्या शतकात आतड्याच्या तारांच्या गिटारसाठी पंख्याच्या आकाराची रचना पक्की केली. जर्मनीतून 1833 साली अमेरिकेला गेलेल्या मार्टिन यांच्या कारखान्यात 1840च्या दशकात दोन पट्ट्या एकमेकींना छेदणारी फुलीची रचना आली, आणि पुढे पोलादी तारांचा ताण पेलायला तीच उपयोगी ठरली. स्वस्त गिटारींत बहुधा सरळ आडव्या पट्ट्या असतात. बनवायला सोप्या, पण घोडीमागचा फुगवटा त्या फारसा रोखत नाहीत. फळी जाड ठेवली तर भार पेलेल पण वाजणार नाही. पातळ केली तर वाजेल पण वाकेल. प्रत्येक गिटार या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते.

माझ्याकडे गिटार आली की पहिल्यांदा मी तारा सैल करतो आणि तिला काही दिवस नुसती ठेवतो. उन्हात अजिबात नाही. ओली वस्तू दिसली की अंगणात नेऊन ठेवायचा आपला स्वभाव आहे, पण उन्हात वरचा भाग झपाट्याने आकसतो, आतला तसाच राहतो, आणि फळी चिरते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत, म्हणून चीर नेहमी रेषांच्या दिशेने जाते. वाद्याला हवेतली आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के मानवते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते माझ्या वर्कशॉपमध्ये जुलैत नव्वदच्या वर आकडा दाखवतं. त्यावर आपला जुना कोकणी उपाय अजून चांगला आहे, बंद कपाटात झिरोचा दिवा. मात्र तो तारेचा जुना दिवा हवा. हल्लीचा एलईडी झिरो उजेड देतो, ऊब देत नाही, आणि इथे काम उबेचं आहे. दिवा खाली, गिटार वर, मधे हातभर अंतर. कपाटातला आकडा साठच्या जवळपास येतो, आणि कोकणातल्या जुलैत तेवढं पुष्कळ झालं.

मग तपासणी. सरळ पोलादी पट्टी दांडीवर ठेवून दांडी वाकली आहे का ते बघायचं. किंचित खोलगट असावी, तार कंप पावताना मधे सर्वांत जास्त हलते म्हणून तिला तेवढी जागा लागते. आधुनिक गिटारींच्या दांडीत लोखंडी सळई असते आणि तिचा नट फिरवून बाक कमी-जास्त करता येतो. गिब्सन कंपनीतले थॅडियस मॅक्यू यांच्या नावावर 1920च्या दशकात त्याचं पेटंट आहे. या गिटारला फिरवायचा नट नव्हता, पण दांडी जवळजवळ सरळ होती. आतून आरसा आणि बॅटरी घालून बघितलं तर एका पट्टीचं टोक सुटलेलं दिसलं. ते कानानेही कळतं. तबलीवर बोटाच्या पेराने ठोकत गेलं की सुटलेल्या जागी आवाज बसका आणि खुळखुळता येतो.

चिकटवायचं कशाने, हा खरा प्रश्न. माझं सांगणं इथेच आहे, म्हणून जरा थांबतो.

वडिलांच्या वर्कशॉपमध्ये सरस शिजायचा. जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनवलेला हा डिंक दाण्यांच्या किंवा वड्यांच्या रूपात येतो. रात्री गार पाण्यात भिजत घालायचा, सकाळी फुगून मऊ झाला की एका भांड्यात पाणी आणि त्यात सरसाचं भांडं ठेवून गरम करायचा. साठ अंशांच्या आसपास, उकळायचा नाही, उकळला की ताकद जाते. वासाने घरातली माणसं वैतागतात. लावल्यावर मिनिटभरात जोड बसवावा लागतो, नाहीतर थिजतो. 1959 साली फेविकॉल आला, पुढच्या काही वर्षांत तो सगळ्या सुतारांच्या हातात गेला आणि ही कटकट संपली. मी स्वतः फर्निचरला रोज पांढरा डिंकच वापरतो. खुर्चीच्या सांध्याला त्याहून सोयीचं काही नाही.

वाद्याची गोष्ट निराळी, हे मला 2021च्या पुराने पक्कं शिकवलं. 22 जुलैला महाबळेश्वरच्या डोंगरात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत कोसळला. ते पाणी सावित्री नदी घेऊन येते, आणि बाणकोटच्या खाडीला भरती असली की त्याला समुद्राकडे वाट मिळत नाही. मग ते महाडच्या बाजारपेठेत शिरतं. त्या दिवशी तळमजले बुडाले. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दुःखापुढे वाद्यांचं काय बोलायचं. पण चिखल उपसून झाल्यावर, गणपतीच्या तोंडावर, लोक पेट्या घेऊन यायला लागले. "मंडळाची आहे, बघा काही होतं का." त्यांना घरातल्या कपाटापेक्षा त्या पेटीची जास्त काळजी होती.

तेव्हा एक गोष्ट रांगेने दिसत गेली. जुन्या, सरसाने जोडलेल्या पेट्या पाण्यात अक्षरशः सुट्या झाल्या होत्या. फळ्या वेगळ्या, कोपरे वेगळे. बघणाऱ्याला वाटायचं, संपली. पण प्रत्येक तुकडा अखंड होता. धुतला, सावलीत हळूहळू वाळवला, दाबाखाली सरळ केला आणि पुन्हा सरसाने जोडला की पेटी उभी राहायची. सूर गंजलेले असत, ते बदलावे लागत, पण लाकूड वाचायचं. नव्या पद्धतीच्या, प्लायवूड आणि पक्क्या डिंकाच्या पेट्यांत सांधा घट्ट होता, तर सांध्याशेजारचं लाकूडच फाटलं होतं आणि प्लायचे पदर सुटून फुगले होते. तिथे जोडायला धड कडाच उरल्या नव्हत्या.

जगात हा धडा आधीही शिकला गेला आहे. 4 नोव्हेंबर 1966 रोजी इटलीत आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्स शहरात शिरला आणि हजारो चित्रं, पुस्तकं, लाकडी शिल्पं चिखलात गेली. ती वाचवताना जगभरातून आलेल्या जाणकारांनी जी शिस्त बसवली, तिच्यातलं एक मुख्य सूत्र असं की दुरुस्ती पुढच्या माणसाला उलटवता आली पाहिजे. मे 2010मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलला कंबरलँड नदीचं पाणी साउंडचेक नावाच्या वाद्यांच्या गोदामात शिरलं. नामवंत वादकांच्या शेकडो गिटारी बुडाल्या, आणि कारागिरांनी त्यांतल्या कित्येक सुट्या करून, वाळवून पुन्हा जोडल्या. सांधा मजबूत हवाच. पण त्याच्यावर फार मोठा भार आला, तर लाकडाच्या आधी सांध्याने सुटावं. आणि मी जोडलेलं उद्या दुसऱ्या कुणाला, कदाचित आज न जन्मलेल्या कारागिराला, ऊब आणि पाण्याने उघडता यावं. महाडसारख्या गावात तर हे धरूनच चालायला हवं, कारण सावित्री पुन्हा येणार आहे.

सरसाला उणी बाजू आहे, ती सांगायलाच हवी. सतत दमट हवेत त्याची पकड ढिली पडते. पांढरा डिंक दमटपणा जरा जास्त सोसतो, पण सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो, आणि एकदा लाकडात मुरला की त्याच्यावर दुसरा कुठलाच डिंक नीट बसत नाही. दोन्ही बाजू तोलून मी सरस निवडतो आणि गिटार न्यायला येणाऱ्याला कपाट व दिवा समजावून सांगतो.

आता ती घोडी. स्क्रू काढले. पातळ पात्याची बोथट सुरी गरम करून जुन्या डिंकाखाली हळूहळू सरकवली. घाई केली तर तबलीचे धागे उपटून येतात, म्हणून पातं थंड झालं की थांबायचं, पुन्हा तापवायचं. घोडी निघाल्यावर खालचा पांढरा डिंक कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडला, अगदी मूळ लाकूड दिसेपर्यंत. स्क्रूंची भोकं देवदाराच्या छोट्या खुंट्यांनी बुजवली. चिरलेली घोडी पुन्हा वापरण्यासारखी नव्हती. माझ्याकडे एका मोडलेल्या जुन्या पलंगाचा शिसवी पाय होता, त्यातून नवी कापली.

शिसवाबद्दल थोडं सांगायला हवं. गिटारवाल्यांच्या जगात हे मानाचं लाकूड आहे. मार्टिन कंपनी पूर्वी ब्राझीलचं रोझवूड वापरायची. 1969 सालापासून तिने भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून जगातल्या उत्तमोत्तम गिटारींच्या पाठी-कडा आपल्या सह्याद्रीतल्या झाडाच्या जातीच्या आहेत. आता या झाडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. 2017 साली ते कडक झाले, 2019 साली तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणून जुन्या घरांतून निघणारा शिसवाचा तुकडा मी जळणात जाऊ देत नाही. मोडका पाळणा, देव्हाऱ्याचा खांब, पलंगाचा पाय, सगळं जपून ठेवतो.

घोडी बसवण्याआधी आतून, घोडीच्या बरोबर खाली, तारांच्या गोळ्यांनी कुरतडलेल्या जागी शिसवाची पातळ चकती लावली. सुटलेल्या पट्टीच्या फटीत इंजेक्शनच्या सिरिंजने कोमट सरस सोडला आणि आत टेकू देऊन, पाचर ठोकून ती दाबून धरली. मग तबली कोमट केली, वर-खाली सपाट ठोकळे ठेवून शिकंजे आवळले आणि दिवसभर तशीच ठेवली. फुगवटा पूर्ण गेला नाही. जाऊही नये. इतक्या वर्षांच्या गिटारला थोडं पोट असणं स्वाभाविक आहे आणि ते जबरदस्तीने सपाट करायला गेलं तर पट्ट्या तुटतात.

घोडी कुठे बसवायची, हे मात्र केसाएवढ्या अचूकपणाने ठरवावं लागतं. दांडीच्या टोकाच्या पट्टीपासून बारावा फ्रेट जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर पुढे घोडीवरची तार टेकायची पट्टी. तार अर्धी केली की सूर बरोबर एक सप्तक वर जातो, हे यामागचं तत्त्व. या गिटारची तारेची लांबी 648 मिलिमीटर, म्हणजे बारावा फ्रेट 324वर. बाकीचे फ्रेट कसे येतात? उरलेल्या लांबीला दरवेळी 17.817ने भागायचं. पहिला फ्रेट 36.4 मिलिमीटरवर, मग उरलेल्याला पुन्हा भागायचं, पुढचा त्याच्या पुढे आणखी 34.3वर. असे बारा भागाकार केले की नेमकं अर्ध्यावर येतो. शाळेत भागाकाराला कंटाळलेल्या मुलांना मी हे दांडीवर मोजून दाखवतो, आणि ती थक्क होतात. प्रत्यक्षात घोडी थोडी मागे आणि तिरपी असते. तार दाबताना ती किंचित ताणली जाऊन सूर चढतो, ते भरून काढायला जाड तारेला दोन-चार मिलिमीटर जास्त लांबी द्यावी लागते. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर जुळला की जागा बरोबर. दाबलेला चढा असेल तर लांबी वाढवायची.

घोडीवरची पट्टी प्लॅस्टिकची होती, ती काढून हाडाची घातली. हाड कठीण असल्यामुळे कंप न गिळता पुढे देतं. ही पट्टी घासताना मला नेहमी मिरज आठवतं. तिथल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावायचं शिकलगारीचं काम सोडून तंबोरे-सतारी बनवायला सुरुवात केली, आणि तिथली सतार-तंबोऱ्याची कारागिरी 2024 साली भौगोलिक मानांकनापर्यंत पोचली. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा रुंद ठेवून इतका हलका बाक देतो की तार त्याला घासत, लहरत राहते, आणि त्यातून जवारी फुटते. तंबोऱ्याचा प्राण तो. गिटारमध्ये अगदी उलटं हवं. तार एकाच बारीक कडेवर टेकली पाहिजे. माथा सपाट राहिला तर तीच लहर भणभण होऊन कानाला टोचते. एकाच प्रकारचं हाड, एकच कानस, आणि हात दोन वेगळ्या दिशांनी फिरतो. मला या कामातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो. पट्टी खालून थोडी थोडी घासून उंची उतरवत नेली, बाराव्या फ्रेटवर जाड तारेला अडीच मिलिमीटर येईपर्यंत.

बाकीची कामं पटापट झाली. फ्रेटवरचा गंज बारीक स्टील वूलने काढला, लाकडावर चिकटपट्टी लावून. दांडीचं लाकूड आकसल्यामुळे फ्रेटची टोकं बाहेर आली होती, ती कानशीने गोल केली. किल्ल्यांच्या दात्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. तारा अडकवायच्या पिना मुंबईहून मागवल्या. धोबी तलावाच्या वाद्यांच्या दुकानांत सुटे भाग मिळतात, हाडाच्या पट्ट्याही.

पॉलिश? गिऱ्हाइकाचा पहिला आग्रह तोच असतो, चकचकीत करून द्या. मी नकार देतो. तबलीवर जाड पॉलिश चढलं की तिचं कंपन दबतं, आणि चमक आणायला घासलं की आधीच पातळ असलेली फळी आणखी पातळ होते. काजळी काढायला पाण्यात साबणाचा थेंब टाकून घट्ट पिळलेला कापसाचा बोळा पुरला. जिथे मूळ पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं, तिथेच स्पिरिटमधला चपडा एक पातळ हात लावला. तोही स्पिरिटने पुन्हा काढता येतो. वरच्या कडेवर, वाजवणाऱ्याला दिसेल अशा जागी, कागदाची एक अरुंद पट्टी चिकटवलेली सापडली. काजळी गेल्यावर अक्षरं वर आली. निळ्या शाईत, देवनागरीत, 'ई मायनर, जी, डी' असे कॉर्ड ओळीने लिहिलेले. गाण्याचं नाव नाही. ती पट्टी मी हलवली नाही. आजोबांच्या सुनेला भाचीने मोबाइलवर फोटो पाठवला, तर तिने अक्षर लगेच ओळखलं.

तारा सर्वांत हलक्या लावल्या, दहा नंबरच्या. त्यांचा एकूण ताण साठ-बासष्ट किलो, म्हणजे जुन्या फळीवरचा भार आठ-दहा किलोंनी कमी. पहिले काही दिवस सूर एक स्वर खाली ठेवला, नवा सांधा भाराला सरावू दिला, मग हळूहळू वर आणलं. आवाज मोठा नाही. प्लायची तबली आहे, तिच्याकडून अखंड देवदाराची अपेक्षा करू नये. पण मधले सूर गोड आहेत आणि प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागतो. शिकणाऱ्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. तारा, पिना आणि हाड मिळून खर्च दीड हजारांच्या आत राहिला. माझी मजुरी धरली तर कुणी म्हणेल त्यात थोडे घालून नवी आली असती. त्या किमतीची नवी आली असती, हे खरं. पण तिच्या घोडीखाली काय डिंक आहे आणि ती दुसऱ्या पावसाळ्यात काय करेल, हे मला सांगता आलं नसतं.

तारा चढवण्याआधी आतल्या पाठीवर, भोकातून हात घालून पेन्सिलीने लिहून ठेवलं: घोडी नवी, शिसव, सरस. पट्टीचं टोक, सरस. भोकं देवदाराने बुजवली. महिना, वर्ष, महाड. पुढे कधी ही गिटार उघडेल त्याला शोधत बसावं लागू नये.

एक काम राहिलं आहे. सातव्या फ्रेटला तारेच्या दाबाने खळगी पडली आहे. तो बदलायचा तर दांडीचं लाकूड कोरडं हवं, म्हणून दिवाळीनंतर बदलू असं भाचीला सांगितलंय. तोवर तिने दहा नंबरच्याच तारा लावायच्या, आषाढ-श्रावणात सूर एक स्वर उतरवून ठेवायचा, आणि गणपतीत वाजवायला नेली तर रात्री मंडपात न ठेवता घरी आणून कपाटात ठेवायची.